आदेशचा पट्टा अन् जीपचा फिल्टर

साबण… आंघोळीचा साबण हो. जीपच्या फिल्टरमधून डिझेल गळून राह्यलं, अन् आमच्या आदेशनं त्याच्यावर लावलं काय, तं साबण. अर्धी वडी, ओली करून, चुलीले पोतेरं द्यावं तशी लिंपलेली. म्हणजे तुमाले सांगतो, आदेश काही बह्याड माणूस नाई, आर्वीत त्याचं टाइल्सचं दुकान आहे, चांगलं चालते, पण गाडीच्या बाबतीत त्याचं एकच शास्त्र. आवाज आला तं रेडिओ मोठा करायचा, अन् गळाले लागली तं साबण लावायचा.

बरं, जीपही त्याची नाई. सासऱ्याची. नानाजीची. नानाजी म्हणजे एसटीच्या वर्कशॉपमधी चौतीस वर्षं हात काळे केलेला माणूस, रिटायर झाल्यावर ही जुनी डिझेल जीप घेतली, लेकरावानी जपली, अन् मंग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला तवा चाबी जवायाच्या हातात द्या लागली. डोळे बनवा, म्हणजे ऑपरेशन करून घ्या म्हटलं तं नाई. तीन वर्षं नाई. "दिसते मले," म्हणे, अन् खुंटीवरच्या सदऱ्याले रामराम करे, पाहुणा समजून! शेवटी सुरभीनं, म्हणजे त्याच्या पोरीनं, आदेशच्या बायकोनं, दोन दिवस जेवण सोडलं, तवा कुठं बुढा कबूल झाला. वर्ध्याच्या दवाखान्यात तारीख भेटली, बुधवार, अकराच्या आत हजर. अन् घरात सगळ्यायले ठाऊक होतं की ही तारीख हुकली तं दुसरी भेटून उपयोग नाई, कारण हा माणूस एकदा घरी परतला की पुन्हा निघत नाई.

तं बुधवारी सकाळी निघाले तिघं. आदेश चालवून राह्यला, नानाजी बाजूले, सुरभी मागं फाइल धरून. पाच किलोमीटर नाई झाले, नानाजी म्हणे, "जवाईबापू, डिझेलचा वास येऊन राह्यला."

"समोर ट्रक आहे मामाजी." सासऱ्याले आदेश मामाजीच म्हणते.

थोड्या वेळानं, "ट्रक गेला का?"

"गेला. आता दुसरा आला."

"आवाज तं नाई आला त्याचा."

अन् मंग नानाजी नाक वर करून, अगदी शांतपणे म्हणे, "साबणाचाही येऊन राह्यला."

दिसत काही नाई बरं का माणसाले. काहीच नाई.

खरांगण्याच्या अलीकडे, दोन्हीकडून सागाचं रान, तिथं जीपनं तीन दचके दिले अन् बसली. आदेशनं बोनट उघडलं. इंजिनाच्या बाजूले तो फिल्टर, तांब्याएवढा लोखंडी डबा, गंजून तपकिरी झालेला, बुडाले भोक, अन् त्या भोकातून डिझेल अन् फेस, फेस अन् डिझेल… घड्याळात सव्वानऊ. बस आत्ताच गेलती, दुसरी दीड तासानं. सुरभीनं रस्त्यावर उभं राहून एक कार थांबवली, माणसं भली होती, दोघांले जागा होती. "बाबा, चला," म्हणे, "हे पाहतीन गाडीचं."

नानाजी उतरलेच नाई. "गाडी रस्त्यावर टाकून मी डोळे बनवाले जाऊ? अन् मंग डोळे उघडून पाहू काय?"

कार किती वेळ थांबणार? गेली. सुरभी किलोमीटरच्या दगडावर जाऊन बसली, फाइल मांडीवर ठेवून. ती बोलली असती तं आदेशले बरं वाटलं असतं.

"माह्या सीटखाली पाहा," नानाजी म्हणे. आदेशनं पाह्यलं, तं नवाकोरा फिल्टर, डब्यात, प्लास्टिकमधी बांधलेला. दोन वर्षांपासून तिथं होता म्हणे.

"सांगितलं काऊन नाई मामाजी?"

"तुमी विचारलं काऊन नाई?"

अन् बुढा उतरला. जीपले हात लावत, चाकावरून, मडगार्डावरून, समोर आला. आता पाहा, हाच माणूस घरी चहा पेताना अर्धा चहा बशीत सांडते, एवढे हात थरथरतात. ते हात बोनटखाली गेले अन् थांबले. थरथर बंद. आदेशनं नीट पाह्यलं, दोनदा पाह्यलं, बंद म्हणजे बंद. बोटं गरम पाइप टाळून टाळून फिरून राह्यली, जसं कोणी आपल्याच घरात अंधारात माठापाशी जाते तसं. दिसत काही नाई बरं का माणसाले.

पण फिल्टर निघे ना. गंजानं धरलेला. हातानं फिरे ना, पान्याचं काम नाई, अन् स्क्रूड्रायव्हर ठोकून आरपार घातला असता तं सडलेला पत्रा फाटून अर्धा वरच राह्यला असता.

"पट्टा काढा," नानाजी म्हणे.

"कोणता पट्टा?"

"कमरेचा. तुमच्या."

काढला. काय करते? नानाजीनं तो चामड्याचा पट्टा डब्याभोवती दोन वेढे गुंडाळला, टोकात पाना अडकवला, पीळ दिला अन् हळूहळू, ओढत नाई बरं, समजूत घालत असल्यासारखं… कर्रर्र… फिरला हो. अन् नेमकी तवाच समोरून आर्वीची एसटी आली, भरलेली, अन् आदेश महाराष्ट्र शासनाच्या रस्त्यावर एका हातानं प्यांट धरून उभा. खिडकीतून एकानं वाकून पाह्यलं, मंग सगळ्यायनं पाह्यलं. सुरभीनं तोंड दुसरीकडे केलं, पण तिचे खांदे हालून राह्यले होते. सकाळपासून पहिल्यांदा.

जुना डबा खाली आला. आदेश नवा लावाले गेला, तं नानाजी म्हणे, "थांबा. वरचं जुनं रबर निघालं का?"

आदेशनं वाकून पाह्यलं. "निघालं."

"पाह्यलं?"

"डोळ्यानं पाह्यलं मामाजी."

नानाजीनं एक बोट आत घातलं, गोल फिरवलं, नखानं उचललं, अन् काळी रिंग काढून आदेशच्या हातावर ठेवली. चिकटून बसलीती, लोखंडाच्याच रंगाची झालती. तिच्यावर नवा बसवला असता तं दहा किलोमीटरवर पुन्हा गळला असता. आदेश ती रिंग पाहातच राह्यला. चष्मा नाई, नंबर नाई, पस्तिशीचे डोळे त्याचे… अन् दिसत काही नाई, ते त्या दुसऱ्या माणसाले.

मंग नवा फिल्टर. रबराले डिझेलचं बोट लावून, हातानं आवळून, वरून थोडासाच फेरा. अन् मंग हवा काढणं. फिल्टर बदलला की पाइपात हवा भरते, ती निघेपर्यंत इंजिन सुरू होत नाई. आदेश हातपंप दाबून राह्यला, नानाजीनं वरचा लहान स्क्रू ढिला केला अन् कान जवळ नेला. फुस… फुस… बुडबुडे. चाळीस वेळा दाबलं, आदेशचा अंगठा गेला. "झालं मामाजी, साफ डिझेल येऊन राह्यलं."

"एक आहे अजून."

"नाई मामाजी, मी पाहून राह्यलो…"

"दाबा."

दाबलं. फुस. एक बुडबुडा. एकच. अन् नानाजीनं स्क्रू आवळला. आदेशच्या अंगावर काटा आला, खरं सांगतो. देवळातही येत नाई त्याले.

पण नानाजी गाडीत बसेच ना. बोनटवर हात ठेवून उभे. अन् हळूच, सुरभीले ऐकू जाऊ नये असं, म्हणे, "जवाईबापू, ते लोक डोळ्यात हत्यार घालतीन ना. तेच भेव आहे मले, तीन वर्षांपासून. दुसऱ्याच्या हाताचा भरोसा कसा करावा माणसानं?"

आदेशनं बोनटवरच्या त्या हाताकडे पाह्यलं. अन् म्हणे, "मामाजी, त्या डॉक्टरनंही चौतीस वर्षं हेच केलं असंन. त्याच्याही बोटायले दिसत असंन."

नानाजीनं बोनटवरचा हात काढला. मंग म्हणे, "चला. सेल मारा."

एका सेलमधी गाडी सुरू झाली. अकराले दहा कमी होते तवा दवाखान्याच्या फाटकात शिरले. ऑपरेशन झालं, मस्त झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, नानाजीनं पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरून पाह्यलं, किती वेळ पाह्यलं, बापलेक दोघंही रडले, आदेशही रडला.

मंग बाहेर आले, काळा चष्मा लावून. जीपपाशी थांबले. डाव्या दारावरची खरोच, मागचा चेपका, बंपरचा वाकलेला कोपरा, एकेकावर हात ठेवत पूर्ण चक्कर मारली. ते सगळं आदेशच्याच हातून झालतं. तीन वर्षांत त्यानं एकदाही सांगितलं नव्हतं.

"मामाजी, ते… तुमाले दिसलं आता…"

"दिसलं आता," नानाजी म्हणे. "माहीत तं पहिल्या दिवसापासून आहे. रोज हात लागे. मी वाट पाहून राह्यलो होतो, तुमी कवा सांगसान म्हणून."

तवापासून दर रविवारी नानाजी अंगणात खुर्चीवर, अन् आदेश जीपखाली, पाना घेऊन. विचारलं मी त्याले, काऊन बावा, दुकान सोडून? तं खालूनच म्हणे, "काय करता भाऊ… हा तं मामाजीचा एकच डोळा बनला, त्यातच एवढं दिसलं. दुसऱ्याची तारीख दिवाळीनंतर आहे."