बर्फवाल्याचा दुसरा भाग

आणि वर मलाच म्हणायचे, पोरगी लई उतावळी! उतावळी? मी? एक पुस्तक, फक्त एक पुस्तक संपवायला जिला अख्खा उन्हाळा लागला, तिला उतावळी म्हणतात? अहो, तेवढ्या वेळात गोगलगाय धारूरहून निघून गेवराईला पोचली असती, आणि तीसुद्धा वाटेत नातेवाइकांकडे मुक्काम करत!

तुम्हाला सांगते, बी.ए. झाले होते मी, अंबाजोगाईहून, इतिहास घेऊन. एम.ए.साठी औरंगाबादला जायचं होतं, प्रवेशाची मुदत जूनअखेर. आणि मी कुठं? तर धारूरच्या अलीकडं, डोंगराच्या कडेला, आमच्या सेवा सोसायटीनं उघडलेल्या चारा छावणीत! दोन हजार तेराचा तो दुष्काळ. विहिरींना तळ दिसलेला, गावात कडब्याची काडी नाही, म्हणून सगळ्या गावाची जनावरं एका माळावर, आणि जनावरांमागं माणसं. आमची दोन बैलं, एक गाय, माझे वडील म्हणजे आमचे आबा, आबांचा दुखरा गुडघा... आणि त्या गुडघ्याच्या दिमतीला मी. सकाळी चारा वाटला की टँकर येईपर्यंत काय करायचं? ताडपत्रीच्या सावलीत बसायचं आणि एकमेकांची तोंडं बघायची. ती तोंडं मी जन्मल्यापासून बघतेय हो! म्हणून मी आपलं पुस्तक काढलं.

पुस्तक म्हणजे काय, वीटच. शंभर वर्षांपूर्वीचा एक अमेरिकन लेखक, साहसकथा लिहिणारा. त्याच्या सगळ्या गोष्टी, शेवटी त्याचं चरित्र, आणि सगळं मराठीत. गोठलेली तळी, बर्फाची वादळं, देवमाशांच्या मागं लागलेली जहाजं... डोक्यावर त्रेचाळीस डिग्री आणि मांडीवर बर्फ! मी अशी गार झालेली असताना कानाशी आवाज आला.

'काय वाचायलीस गं एकटीच?' दगडामावशी. एक म्हैस आणि शंभर प्रश्न घेऊन छावणीत आलेली बाई. 'एकटीनं खाल्लेलं पचत न्हाई माय. मोठ्यानं वाच.'

तेवढ्यात मी आबांकडं औरंगाबादचा विषय काढला. आबांनी तंबाखू मळली, चुना लावला, परत मळली. मग म्हणाले, 'बघू. हातातलं पुस्तक संपू दे, मग जा.'

मी मनात म्हटलं, एवढंच? दोन दिवसांचं काम!

'पर मोठ्यानं,' आबा म्हणाले. 'समद्यांनी ऐकलं तरच संपलं.'

आणि इथंच मी फसले. कारण पहिल्या गोष्टीची पहिलीच ओळ अशी, की पहाटे डाकवाल्याने आपली आठ कुत्री गाडीला जुंपली. झालं! हरिबामामा उठून बसले. हरिबामामा म्हणजे आमच्या गावचे धनगर, साऱ्या पंचक्रोशीच्या जनावरांचे वैद्य.

'काय जुंपली?'

'कुत्री, मामा.'

'आन् बैल कावून न्हाईत?'

'बर्फात बैल चालत नाहीत.'

'बरं. मग कुत्र्याला खायला काय?'

'सुके मासे.'

'किती?'

'ते लिहिलेलं नाही.'

'न्हाई?' मामांनी सगळ्यांकडं असं बघितलं, की जणू लेखक पैसे घेऊन पळाला. 'जुंपायचं सांगतंय आन् वैरणीचं सांगत न्हाई? कसलं लिहिनं मनायचं हे!'

पुढचे दोन दिवस, तुम्हाला सांगते, पूर्ण दोन दिवस, आठ कुत्र्यांना किती मासे लागतील यावर सभा! वासराला मोठ्या जनावराच्या निम्मा चारा, मग कुत्र्याला कितवा हिस्सा? मी म्हणायची, पुढं जाऊ का? ते म्हणायचे, थांब गं, हिशेब लागू दे. लेखकाचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याला 'बर्फवाला' करून टाकला. सोसायटीचे चेअरमन भगवानराव काका तर मागं रेलून म्हणाले, 'अमेरिकेचाच ना? बहात्तरच्या दुष्काळात तिथनंच लाल मिलो जवारी आलती. खाल्ली आमी. पर वाखाणत न्हाई कुनी.' आता मिलो पाठवली कुणी, आणि गोष्टी लिहिल्या कुणी! मी आबांकडं बघायची. आबा गुडघा चोळत म्हणायचे, 'पुस्तक संपू दे, मग जा.'

आणि मग ती गोष्ट आली. वादळात सापडलेला डाकवाला गाडी हलकी करायला सामान टाकतो, तंबू टाकतो, आणि शेवटी म्हाताऱ्या, लंगड्या झालेल्या पुढच्या कुत्र्याचा पट्टा सोडतो. कुत्रं बर्फात बसून राहतं. गाडी पुढं जाते...

'थांब!'

हरिबामामा उभे. 'आसं व्हत न्हाई.'

'मामा, गोष्ट आहे...'

'गोष्ट आसू दे न्हाईतर आनखी काय. ज्यानं रस्ता दावला त्याला सोडून जायचं? भगवानराव, हे चालनार न्हाई!'

आता भगवानराव काकांना तीस वर्षांची सवय. कुणी 'चालणार नाही' म्हटलं की त्यांच्या तोंडून आपोआपच येतं, 'ठराव मांडा.' आणि मांडला हो ठराव! 'सदर कुत्रे परत आणण्यात यावे. सूचक हरिबा. अनुमोदक?' 'मी,' दगडामावशी. सगळ्यांचे हात वर. 'सर्वानुमते मंजूर. हं, वाच पोरी. आलं का कुत्रं?'

'काका! हे शंभर वर्षांपूर्वी छापलंय!'

'मग दुरुस्ती मागवा.'

मी कपाळ बडवून घेणार होते. पण मामा तोवर तिथं नव्हतेच. दर मंगळवारी छावणीच्या तोंडाशी एका दलालाचा टेम्पो उभा राहायचा. मामांच्या म्हाताऱ्या बैलावर, पवळ्यावर, त्याचा डोळा होता. कामाचा नाही, चारा खातोय, देऊन टाका, असं घरची पोरंसुद्धा म्हणायला लागली होती. मामा जाऊन पवळ्याच्या मानेला टेकून बसले. दलालानं दोनदा हॉर्न वाजवला. मामांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. त्या दिवशी 'पुढं जाऊ का' असं मी विचारलं नाही.

पण मुदत तर जवळ येत होती! मग मी डोकं चालवलं. मधल्या गोष्टी तशाच ठेवून चरित्र काढलं, आणि आबांच्या कानाशी बसून खणखणीत वाचलं, 'सोळाव्या वर्षी त्याने घर सोडले आणि तो जहाजावर चढला.' सोळाव्या, आबा! मी एकविसाची आहे! पुढं तो कुठं कुठं हिंडला, कसा उपाशी राहिला, कसा लिहायला लागला... म्हटलं, जिंकले.

'आन् त्याची माय?' दगडामावशी.

'मायचं काय?'

'त्ये गेल्यावर तिच्याजवळ कोन व्हतं?'

पानं मागं उलटली, पुढं उलटली. एवढ्या मोठ्या चरित्रात एक ओळ सापडली. 'आई शेजाऱ्यांच्या आधाराने राहिली.' बस. देवमाशाला बारा पानं आणि आईला एक ओळ! मी मान वर केली तर आबा कुणाकडंच बघत नव्हते. आमची आई जाऊन तेव्हा चार वर्षं झालेली. घरात आम्ही दोघंच. पुस्तक मीच मिटलं. बघा, मीच, स्वतःहून!

जूनचा शेवटचा आठवडा आला आणि मात्र माझा तोल गेला. 'तुम्ही सगळे मिळून अडवताय मला! मासे मोजता, ठराव करता, आबांना सामील आहात सगळे!' असं काय काय बोलले. भगवानराव काका खाकरले. 'वाचू द्या रे पोरीला.' आणि त्यानंतर, तुम्हाला सांगते, एक अक्षर कुणी बोललं नाही. आणि ते जास्त वाईट! मी वाचतेय, म्हैस रवंथ करतेय, आणि ही माणसं मुकाट ऐकतायत. मलाच थांबून म्हणावंसं वाटायचं, मासे किती विचारा ना कुणीतरी!

संपलं. शेवटचं पान. बर्फवाला चाळिसाव्या वर्षी परतीच्या जहाजावर वारला, ताप येऊन. टेबलावर कोरे कागद राहिले.

'चाळीस?' हरिबामामा म्हणाले. 'पोरगंच की.'

'आन् राहिलेल्या गोष्टी?' दगडामावशी.

भगवानराव काका सरळ बसले. 'ठराव. राहिलेल्या गोष्टींचा दुसरा भाग शोधन्यासाठी छावणीच्या वतीनं एक प्रतिनिधी औरंगाबादला पाठवन्यात यावा.'

'काका, दुसरा भाग नाही! सगळ्या गोष्टी यातच आहेत, हे बघा, वर छापलंय!'

'छापलेलं कदी पुरं मिळालंय का?' मामा म्हणाले. 'चाऱ्याचं माप बी सरकारी कागदावर छापलंय, मिळतंय का तेवढं?'

'सूचक?' काकांनी विचारलं. कुणीच हात वर करेना. सगळे आबांकडं बघत होते. आबा गुडघ्यावर हात दाबून उठले, जरा डुगडुगले, मी धरायला गेले तर मला बाजूला सारलं आणि हात वर केला.

'सूचक मी. माझी पोरगी जाईल.'

'आबा, पण तो भागच नाही हो!'

'शोधल्याबिगर तुला काय म्हाईत?'

झाले त्याला किती दिवस. एम.ए. झालं, पुढचं शिकतेय, शिकवतेय. गावात कुणी विचारलं तर आबा सांगतात, सोसायटीच्या कामाला गेलीय. मी घरी जाते तेव्हा आबा भाकरी वाढतात, गुडघ्याचं विचारू देत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरून एसटीपाशी आणून सोडतात. परवा फोनवर सरळच म्हटलं, 'आबा, मला तुमची काळजी वाटते. मी येऊन राहते गावात. आणि तुम्हालाही माहितीय, तो दुसरा भाग नाहीच आहे.'

आबा म्हणतात कसे, 'मग नीट शोध की. संस्थेचं काम हाय. आर्धवट टाकून येता येत न्हाई.'

आता सांगा, अशा माणसांशी भांडायचं तरी कसं?