अजून अर्धा आटा

इंजिनाच्या छातीत जास्तीची हवा कोंबता येती, मग माणसाच्या का न्हाय येत? न्हाय, सांगा की! बेळगावच्या डॉक्टरला इचारलं, त्यानं चष्मा पुसला. कुंथुनाथ शेटना इचारलं, तर म्हणाले, "भावकू, चा घे." आता मी चा मागितलता व्हय? कल्लाप्पा मेस्त्रीला इचारलं, तर एरवी मराठी-कन्नड दोन्हीत भांडणारा माणूस, पाना घेऊन दुसऱ्याच गाडीखाली शिरला! मी चौथीतनं पळालेला, मान्य हाय. पर प्रश्न बरोबर हाय का न्हाय?

तुम्हाला सांगतो, सगळा घोळ त्या गाडीचा. कुंथुनाथ शेट म्हणजे आमच्या निपाणीतले तंबाखूचे व्यापारी. माझा थोरला भाऊ परशराम, आमचा अण्णा, त्यांच्या वखारीत तंबाखू चाळायचा. शेटनी कवातरी हौसेनं गोव्याकडनं परदेशी गाडी आणलती, टर्बोची. टर्बो म्हणजे काय? इंजिनाचा धूर बाहेर जाता जाता एक पंखा फिरवतो, त्यो दुसऱ्या पंख्याला फिरवतो, आन् दुसरा इंजिनात हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त जोर. येवढंच! पर गाडी म्हातारी झाली, चढाला धापा टाकाय लागली, तवा शेट म्हणाले, "परशराम, तूच ने जा." अण्णालाच का? तर त्यो पण धापा टाकाय लागलता की! वखारीचा जिना चढताना मधीच बसायचा. दोघांची एकदमच सुट्टी!

दुसरा कोण असता तर गप खाटंवर पडला असता. आमचा अण्णा? छे! "भावक्या, ही गाडी तवंदीचा घाट टॉपवर चढली पायजे. गियर न बदलता. मला न्हाय जमत, हिला तरी जमू दे." झालं! दारात खुर्ची टाकून ह्यो बसणार आन् मी गाडीच्या पोटात. टर्बोनं लई हवा कोंबू नये म्हणून एक दांडी असती, तिला नट. नट आवळला की हवा वाढती. मी आवळायचो, अण्णा कान देऊन आवाज ऐकायचा, खोकायचा, पुन्हा ऐकायचा, आन् बोलायला दम न्हाय म्हणून हवेत नुसतं बोट फिरवायचा... म्हणजे, अजून अर्धा आटा!

कल्लाप्पा कपाळ बडवायचा. "ब्याड्री, परशरामण्णा, ब्याड्री! नको म्हणतो न्हवं! म्हातारीला शर्यतीत पळवताय व्हय?" आमची जयावहिनी आतनं ओरडायची, "भावजी, ती फुटली तर आधी माझी चूल उडंल! आन् टर्बोचं मागनं बघा, ती मागच्या दाराची काच पयली करा. हँडल फिरवून हात गळला, शेवटाला अडकतीच!"

"काच राहू दे गं," अण्णा म्हणायचा, "हवा इंजिनाला पायजे, तुला न्हाय!" आन् बोट... अजून अर्धा आटा!

मग अण्णाच्या डोस्क्यात आलं, हवेच्या तोंडावर ती गाळणी कशाला? काढून टाक, नाक मोकळं कर. काढली! तुम्हाला सांगतो, गाडी अशी पळाली, अशी पळाली, की पेठेतली कुत्री भुंकायची इसरली. पर गाव कुठलं? निपाणी! हंगाम कुठला? तंबाखू चाळायचा! इथं बाया नाकाला पदर बांधल्याबिगर वखारीत पाय टाकत न्हाईत, आन् आमी गाडीचा पदर सोडला की हो! आठवडाभरात गाडी जागेवर खोकाय लागली. कल्लाप्पानं टर्बो उघडला आन् शिंकला. मग मी शिंकलो, वहिनी शिंकली, शेजारचं म्हसरू शिंकलं! पंख्यावर तपकिरी थर, बोटभर. कल्लाप्पा म्हणतो, "अरे, हा टर्बो हाय का मिस्रीचा डबा?"

अण्णा हसला. हसता हसता खोकला, खोकता खोकता ओठ निळे झाले, तरी हसतोयच. म्हणाला, "आता कळलं, डॉक्टर माझ्या छातीचा फोटो बघून काय सांगत हुता."

मी रॉकेल घेतलं, जुना दाताचा ब्रश घेतला, एकेक पातं घासलं. चकचकीत! गाळणी परत बसवली. मग मला वाटलं... आता तुम्ही हसाल. डॉक्टरला म्हटलं, अण्णाचं पण असं उघडून धुता येईल का? त्यानं चष्मा पुसला म्हटलं ना, त्यो तवाच पुसला.

आन् एका सकाळी अण्णाला श्वासच मिळंना. मागच्या सीटवर वहिनी, पुढं अण्णा, मी गाडी सोडली ती बेळगावच्या रस्त्याला. मधी काय? तवंदीचा घाट! मी गियर खाली टाकाय गेलो, तर ह्यो बाबा दोन्ही हातांनी दांडा धरून बसला! वहिनी रडतीया, "अवो, सोडा की!" सोडंल तर अण्णा कसला! इंजिन ठोकाय लागलं, पत्रा थरथरतोय, गाडी हळू... हळू... आन् टर्बोनं शिट्टी धरली, तुम्हाला सांगतो, चढली! टॉपवर चढली! अण्णाचा चेहरा बघायला पायजे हुता. बोलता येत नव्हतं. बोट तेवढं फिरवलं.

दवाखान्यात नळकांडं लावलं हवेचं. तिथं पण बोट. मी सिस्टरला म्हटलं, बाई, अजून अर्धा आटा द्या की. ती हळूच म्हणाली, "भैया, पूरा खुला है."

दुसऱ्या दिवशी पहाटं ते बोट थांबलं. नळकांडं काढलं, आन् त्याला घेऊन परत निघालो. आता अण्णा मागं, वहिनीच्या मांडीवर. आन् येताना काय, घाट सगळा उतार! उताराला टर्बो लागत न्हाय हो. अर्धा उन्हाळा पोटात शिरून मी काय आवळत बसलो हुतो?

घाटाच्या मध्यावर गाडी थांबवली. खाली निपाणी दिसत हुती. तिथं पोचलो की पुन्हा तोच वास, तीच धूळ. उतरलो, मागचं दार उघडलं आन् हँडल फिरवलं. वहिनी म्हणाली, "भावजी, त्यास्नी वारं लागंल." म्हटलं, लागू दे. काच निम्म्यात आली, खाली आली, आन् नेहमीसारखी शेवटाला अडकली.

दोन्ही हातांनी धरून दिला, अजून अर्धा आटा.