कापलेला चुलता

स्वतःच्या लग्नाच्या कॅसेटमधून सख्खा चुलता कापून काढणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? आमच्या शेजारच्या दिगंबरचे शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चुलत्याशी भांडण झाले. त्याने कॅसेट संगणकावर उतरवली आणि चुलता दिसेल तिथे कापत सुटला.

"देवाब्राह्मणांसमोरचे कार्य आहे, कापू नकोस," मी म्हणालो.

"तुमी गप ऱ्हा, गुरुजी."

मूळ कॅसेट त्याने जाळली. पुढे त्याचे वडील वारले. त्यांच्या वर्षश्राद्धाला आईने ते लग्न पाहायला मागितले. पाहता पाहता ती कासावीस झाली.

"दिगू, तुहा बाप कुठं हाय?"

लग्नात बाप आणि चुलता, दोघे भाऊ, क्षणभरही वेगळे झाले नव्हते.

त्याच लग्नाची दुसरी कॅसेट पुसेगावी चुलत्याकडेच होती. तो म्हणाला, "कॅसेट न्हाई भेटायची. बाप पाहायचा तर इथं येऊन बस."

आता दर श्राद्धाला दिगंबर आईला घेऊन पुसेगावला जातो आणि त्याच चुलत्याशेजारी बसून बाप पाहतो.