हिरवा ठिपका

कामठीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघं शेजारी बोलत होते.

"सिंधूताई, हे चीनचं चॅनल पाहा. बातम्या देणारी पोरगी किती साफ हिंदी बोलते. म्हणते, आमच्या मासेमारी बोटी कायद्यानंच चालतात."

"बोलते खरी गोड. पण माहा पोरगा प्रीतम मालवाहू जहाजावर आहे, भैय्याजी. तो म्हणते, दुसऱ्याच्या समुद्रात मासे चोरायले शिरल्या का ह्या बोटी आपला ठावठिकाणा सांगणारं मशीन बंद करतात."

"ठावठिकाणा कोणाले सांगते ते?"

"हे पाहा, माह्या मोबाईलवर. हरेक जहाज एक ठिपका. हा हिरवा प्रीतमचा. चहा ठेवाच्या आधी हा दिसला का माहा दिवस मजेत जाते."

"आज कुठी आहे?"

"कोलंबोजवळ. पंधरा दिवसांनी घरी येईन."

"अन् त्या बोटी?"

"त्या कशा दिसतीन? प्रीतमच्या समोर पन्नासक होत्या म्हणे. माह्या मोबाईलवर नुसतं पाणी."

"म्हणजे पोरगी खोटं बोलून राहिली."

"तिची नोकरी आहे, भैय्याजी. मले त्या बोटीवरच्या पोराइच्या मायांचं वाईट वाटते. त्या सकाळी उठून काय पाहत असतीन?"