फडकं कुणाच्या हातात होतं

सासरे: एकतीस जणांनी ‘सहमत’ लिहिलंय. आता काय म्हणणं आहे ‘तिरका टाका’ असं टोपणनाव लावून माझ्या पानावर हरकत घेणाऱ्या तुमच्या त्या माणसाचं?

सून: बाबा, ते एकतीसच्या एकतीस तुमचे शागीर्द आहेत.

सासरे: मग? माझ्या हाताखाली शिकले म्हणून त्यांना मत नाही?

सून: आहे ना. पण सगळे काल दुपारी एका तासात ग्रुपमध्ये शिरले, सगळ्यांनी तोच एक शब्द लिहिला, आणि एकाने तर तुमचा मेसेज जसाच्या तसा चिकटवला. ‘पोरांनो, सहमत लिहून या, उगाच डोकं चालवू नका’ यासकट.

सासरे: तो पहिल्यापासून तसाच. सांगितलं तेवढंच करायचा.

सून: आमच्या व्यवस्थापकांनी ते सगळं गुंडाळून बाजूला ठेवलंय. वर शीर्षक दिलंय, ‘हात वर, कारण नाही’.

सासरे: म्हणजे मोजणार नाहीत?

सून: तिथे डोकी मोजतच नाहीत. जुन्या शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं पुस्तक आहे ते, ठिकठिकाणच्या लोकांनी ऑनलाइन मिळून लिहिलेलं. एखाद्या पानावर कुणी हरकत घेतली की सात दिवस बोलायचं, कारणाला कारणाने उत्तर द्यायचं. सातव्या दिवशीही हरकत उभी असेल तर पान काढून टाकतात. आज सातवा. सहापर्यंत मुदत.

सासरे: तूही व्यवस्थापकच ना? मग मार की शिक्का.

सून: म्हणूनच नाही मारता येत. पहिल्याच दिवशी लिहून टाकलं मी, पान माझ्या सासऱ्यांचं आहे, निर्णय दुसऱ्या कुणीतरी द्यावा.

सासरे: वा. घरचीच माणसं.

सून: घरची आहे म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकून तुमच्यासमोर बसलेय.

सासरे: हे बघ, दुकान बंद केलं तेव्हा मी काही बोललो नाही. अवजारं वाटून टाकली तेव्हाही नाही. आता ते एक पान उरलंय. जाम झालेलं मशीन रॉकेल घालून कसं सोडवायचं, हे माझ्याइतकं कुणाला येत नाही, आणि ही फुशारकी नाही. ते पान गेलं तर मला फार वाईट वाटेल.

सून: मलाही वाटेल. म्हणून विचारते, तिरक्या टाक्याने काय लिहिलंय ते वाचलंत का?

सासरे: पाठ आहे. ‘मिस्त्रींच्या पानाप्रमाणे रॉकेल घालून रात्रभर ठेवलं. मशीन सुटलं, पण सकाळी अंगावरची सोनेरी नक्षी हाताला लागून निघून आली. आजीचं मशीन होतं.’ साफ खोटं. चाळीस वर्षांत माझ्या हातून नक्षीचं एक पान हललं नाही.

सून: आणि त्याच्या खालचं?

सासरे: खाली आणखी आहे?

सून: आहे तर. नुसतं ‘नको’ म्हणून चालत नाही तिथे. काय केलं तर हरकत मागे घेईन, तेही लिहावं लागतं. ऐका. ‘मिस्त्री चाळीस वर्षं हे करत आलेत, म्हणजे त्यांची नक्षी टिकत असणार. ते नक्की काहीतरी असं करतात जे पानावर आलेलं नाही. ते सांगितलं तर हरकत मागे घेते.’

सासरे: घेते? बाई आहे ती?

सून: बाई आहे, आणि तुम्हाला खोटं पाडत नाहीये, विचारतेय. सहा दिवस वाट बघतेय बिचारी. तुम्ही मात्र फौज गोळा करत बसलात.

सासरे: पण सांगण्यासारखं काही राहिलंच नाही. तेलाच्या भोकांतून थेंब थेंब रॉकेल सोडायचं, चाक हाताने मागेपुढे करायचं. सगळं लिहिलंय.

सून: नक्षीवर ओघळ आला तर?

सासरे: येतोच तो.

सून: मग?

सासरे: मग काय, लगेच पुसला जातो.

सून: पुसतं कोण? तुमचा एक हात कुपीवर, दुसरा चाकावर.

(ती पानावरचा फोटो मोठा करून फोन त्यांच्यापुढे धरते.)

सून: हे बघा, अगदी कडेला, तुमच्या कोपराजवळ. पिवळ्या फडक्याचं टोक आणि दोन बोटं. फोटो मीच कापला होता, तुमचे हात नीट दिसावेत म्हणून.

सासरे: तुझी सासू. होती तोवर स्टूल घेऊन बसायची समोर. बोलायची भलतंच काहीतरी, शेजाऱ्यांचं, भाजीचं, आणि हात चालू. मला कधी ‘पूस’ म्हणावं लागलं नाही. मी आपला समजत होतो, रॉकेल जागच्या जागी जिरतं.

सून: आणि शागीर्द?

सासरे: त्यांचंही तीच पुसायची. त्यांना काय कळणार कारण? मलाच आज कळतंय.

सून: पाच वाजून दहा झालेत. सांगा, मी टाइप करते.

सासरे: आधी त्या बाईला लिही. तुमचं बरोबर आहे, चूक माझ्या पानाची आहे, आजीच्या मशीनचं ऐकून वाईट वाटलं. आणि ती एकतीस पोरं मी पाठवली होती, त्यांचा दोष नाही.

सून: लिहिलं. आता नवी पायरी.

सासरे: ‘रॉकेल घालणाऱ्याच्या शेजारी दुसऱ्याने कोरडं फडकं घेऊन बसावं. ओघळ नक्षीपर्यंत पोचायच्या आत पुसावा. रात्रभर ठेवण्याआधी मशीन बाहेरून पूर्ण कोरडं करावं.’ एवढंच.

सून: टाकलं. थांबा, आलंच तिचं उत्तर. ‘हेच हवं होतं. हरकत मागे. ही पायरी कुणाच्या नावाने टाकायची?’

सासरे: जिची आहे तिच्या. त्यात विचारायचं काय?

सून: आईंचं नाव टाकलं. पान राहिलं, बाबा. आणखी एकाने काहीतरी लिहिलंय. हरकत नाही, शंका आहे. ‘मी एकटाच काम करतो. शेजारी बसायला कुणी नाही. मी काय करू?’

सासरे: त्याला म्हणावं, एका वेळी एकच थेंब सोड. मग कुपी खाली ठेव आणि फडकं उचल. वेळ फार लागतो, पण होतं.