रडणं शूट करायचं नाही

नीलाताई, सरांचे दोस्त, आणि इथं जमलेल्या सगळ्यांनो,

मला माईकची सवय नाय. चुकलं तर सांभाळून घ्या. मी बजाजनगरची सुरेखा. आपले किरणसर टीव्हीवरच्या लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धांवर माहितीपट करत होते. तिथं लेकरांकडून काय काय करून घेतात, त्यावर. माझी गौरी त्या लेकरांतलीच एक.

चौथीत होती तेव्हा. स्टेजवर जायच्या आधी तिथल्या मॅडमनं तिच्या कानात सांगितलं, "तुझे पप्पा दवाखान्यात आहेत." पप्पा तर कंपनीत ड्यूटीवर, चांगले धडधाकट! पोरगी स्टेजवर ढसाढसा रडली. लोकांनी घराघरात बघितलं. टीव्हीवाल्यांना रडणंच पाहिजे होतं, हे आम्हाला लई उशिरा कळलं. तेव्हापासून गौरी कुणासमोर रडली नाय. आजी गेली, तरी नाय.

सर घरी आले. सांगता सांगता गौरी थांबली, ओठ थरथरायला लागले. आणि सरांनी कॅमेरा बंद केला. मी म्हणलं, "सर, आता तर खरं येत होतं." सर म्हणाले, "तिचं रडणं एकदा दाखवून झालंय, ताई. माझ्या फिल्ममध्ये तिनं फक्त बोलायचं." मग दर वेळी आधी तिलाच विचारायचे, आज बोलायचं का? ती नाय म्हणली, की चहा घेऊन परत जायचे.

आता कोण विचारणार तिला? फिल्म अर्धी राहिली. काल एकाचा फोन आला, काम आम्ही पुरं करतो म्हणे. आणि लगेच, "मुलगी रडतानाचा शॉट आहे ना?" सरांना जाऊन आठवडा झाला नाय हो! माझा जीव थाऱ्यावर नाय. नीलाताई, तुम्ही सरांच्या घरच्या, फिल्मचं सगळं शूटिंग असलेली ती हार्ड डिस्क तुमच्याकडं आहे. हात जोडते, गौरीला विचारल्याशिवाय कुणाला देऊ नका. नाय ना देणार?

मान हलवली तुम्ही. सगळ्यांनी बघितलं.

गौरी मागं बसलीय, भिंतीकडं. सकाळपासून तिचे ओठ तसेच थरथरतायत. मला भ्या वाटतंय, आणि वाटतंय, एकदाचं होऊन जाऊ दे.

चला, सरांसाठी दोन मिनिटं उभं राहू. तेवढ्यात ती रडली, तर रडू द्या. वळून बघू नका. आणि दादा, तुम्ही, खांबाजवळचे, तो मोबाईल खाली घ्या. सरांनी बंद केला असता.