गाजराचं बूच

शर्मिला : अहो, सोडा तो नळ आणि आधी बाथरूममधून बाहेर या. पाण्यात उभं राहायला कुणी सांगितलंय तुम्हाला?

उत्तरेश्वर : सोडला की धार थेट समोरच्या भिंतीवर जाते, आत्ताच बघितलंस ना. टॉवेल दाबून धरलाय तोवर निम्मं पाणी तरी अडतंय.

शर्मिला : उरलेलं निम्मं हॉलमध्ये येऊन बसलंय, पाहुण्यासारखं.

उत्तरेश्वर : गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करायला वॉचमनला सांगितलंस का?

शर्मिला : सांगितलं. वर सहा कॉक आहेत आणि आपला कुठला ते त्याला ठाऊक नाही. एक बंद केला तर वरच्या मजल्यावरच्या पूर्वाचा फोन आला, अंगाला साबण लावून उभी आहे म्हणाली. त्यानं घाबरून परत उघडला आणि खाली येऊन बसला.

उत्तरेश्वर : मग प्लंबर?

शर्मिला : एकानं फोन उचलला नाही, दुसरा संध्याकाळी येतो म्हणतोय. आत्ता सकाळचे नऊ वाजलेत. लिफ्टमध्ये चिकटवलेला नंबर लावलाय, वाजतोय. तुम्ही निदान स्टुलावर बसून धरा. पॅरालिसिस होऊन अजून वर्ष झालेलं नाही, आणि पडलात तर मला एकटीला तुम्हाला उचलता यायचं नाही. हॅलो? प्लंबर भैरू पाटोळे आहेत का?

दीपमाला : नंबर त्यांचाच हाय, काकू. ते खडकीला कामावर गेलेत. मी दीपमाला, त्यांची बायको.

शर्मिला : मग त्यांना एवढा निरोप द्या. बिबवेवाडीत आमच्या बाथरूमचा नळ तुटलाय आणि...

दीपमाला : निरोप कशाला, मीच येते की. मी बी हेच काम करते, आठ वर्षं झाली. मला सांगा, नळ बुडातनं तुटलाय का?

शर्मिला : थांबा, स्पीकरवर टाकते. हे सांगतील, हेच धरून बसलेत.

उत्तरेश्वर : नळ हातात आला. त्याचा आट्यांचा तुकडा भिंतीतच राहिलाय, आत भोक आहे. त्यातनं धार येतेय.

दीपमाला : अर्ध्या इंचाचं भोक. घरात गाजर हाय का?

शर्मिला : आहे, कोशिंबिरीसाठी आणलेलं. पण आत्ता गाजर कशाला?

दीपमाला : जाडसर बघून घ्या. टोकाकडनं तासून निमुळतं करा, भोकात घाला आन् लाटण्यानं हळूहळू ठोका. मोडू देऊ नका. मी कात्रजवरनं निघते, वीस मिन्टात पोचते. पत्ता पाठवा, आन् बाथरूमच्या दिव्याचं, गिझरचं बटण बंद करा आधी.

शर्मिला : केलं. अहो, टॉवेल काढा बाजूला. मी म्हटलं की काढा. आता.

उत्तरेश्वर : जरा वर. वर धर. सरळ बसलं पाहिजे, तिरकं नको.

शर्मिला : डोळ्यात पाणी गेलंय माझ्या. तुम्ही तीस वर्षं कारखान्यात लेथ मशीन चालवलंत म्हणून गाजरातलंही सगळं कळतं का तुम्हाला?

उत्तरेश्वर : बसलं. अजून दोन ठोके दे. हळू. बास, थांबलं बघ.

शर्मिला : थेंब पडतायत.

उत्तरेश्वर : पडू देत.

शर्मिला : चला बाहेर. डोकं पुसते. किती भिजलात. आणि नळ तुटला कसा ते सांगा.

उत्तरेश्वर : जुना होता.

(वीस मिनिटांनंतर, बाथरूमच्या दारात.)

दीपमाला : वरचा चौथा कॉक तुमचा. बंद करून खडूनं नंबर लिहून आलेय, वॉचमनला बी दाखवला. गाजर मात्र झकास बसवलंय, काकू.

शर्मिला : तुम्ही या कामात कशा आलात हो?

दीपमाला : आमचे मालक शिडीवरनं पडले, पाय मोडला. तवा त्यांची पिशवी मी उचलली, ती परत खाली ठेवलीच न्हाई. बघू तो तुटलेला नळ. ह्याला कुणी हात लावला होता?

उत्तरेश्वर : मी.

दीपमाला : पान्यानं फिरवला?

उत्तरेश्वर : नाही. हातानंच.

दीपमाला : नुसत्या हातानं? हा पार जाम झालेला हाय, काका. गंज चढलाय. ह्याला चांगला जोर लागला असंल.

शर्मिला : माझ्याकडून तर दोन वर्षांत तो फिरला नाही. यांच्या अंघोळीचं पाणी मी स्वयंपाकघरातून बादलीनं आणते. अहो, डाव्या हातात एवढा जोर कुठून आला?

उत्तरेश्वर : त्याआधी हॉल पुसून घेऊ या का?

शर्मिला : मी काहीतरी विचारतेय.

उत्तरेश्वर : डावा नव्हता.

शर्मिला : मग?

उत्तरेश्वर : उजवा.

दीपमाला : काकू, बसा. हे घ्या स्टूल, बसा तुम्ही.

शर्मिला : उजव्या हातानं तुम्ही दिवाळीपासून चमचा धरला नाही. फिजिओथेरपीच्या बाईंना दारातून परत पाठवलंत. मेलेला हात आहे म्हणालात.

उत्तरेश्वर : तुझ्यासमोर जमत नव्हतं. चमचा पडला की तू काही न बोलता उचलायचीस. ते बघवायचं नाही मला. मग तू भाजी आणायला गेलीस की ओला नॅपकिन पिळत बसायचो. आधी नुसता ओला राहायचा. मग थेंब यायला लागले.

शर्मिला : कधीपासून चाललंय हे?

उत्तरेश्वर : संक्रांतीपासून.

शर्मिला : आणि मला सांगावंसं वाटलं नाही.

उत्तरेश्वर : निम्मंच जमून थांबलं असतं तर? तू आस लावून बसली असतीस. पुरतं झालं की सांगणार होतो. आज म्हटलं, आपणच नळ उघडावा, आपली अंघोळ आपण करावी. तू मला अंघोळ घालून बाहेर जातेस आणि ओट्याला टेकून उभी राहतेस. कंबरेवर हात ठेवून. मला बेसिनच्या आरशात दिसतं.

शर्मिला : कंबर वयामुळे दुखते. तुमच्यामुळे नाही.

उत्तरेश्वर : खोटं बोलतेयस.

शर्मिला : हो. माझा हात धरा. या हातानं. दाबा.

उत्तरेश्वर : दाबलाय.

शर्मिला : अजून.

उत्तरेश्वर : दुखेल तुला.

शर्मिला : दुखू दे.

दीपमाला : भिंतीतला तुकडा निघाला, काकू. आता नवा नळ कोणता बसवू? एक दांडीचा हाय, बोटानं उघडतो. दुसरा पिळाचा, त्याला तीन-चार येढे द्यावे लागतात.

शर्मिला : पिळाचा.

उत्तरेश्वर : अगं, तुला जड जाईल तो.

शर्मिला : मी कशाला उघडायला जाऊ?

दीपमाला : बरं. तुम्ही दोघं चहा ठेवा, तवर मी बसवते आन् वर जाऊन कॉक सोडते.

उत्तरेश्वर : साखर जरा जास्त घाल आज.

शर्मिला : हात बरा झाला म्हणून साखर उतरली नाही तुमची.

दीपमाला : या काका, पाणी सोडलंय. फिरवून बघा.

शर्मिला : सावकाश. घाई नाही कसली.

उत्तरेश्वर : थरथरतोय जरा.

दीपमाला : थरथरू दे. फिरतोय न्हवं?

उत्तरेश्वर : आलं. गार आहे.

शर्मिला : गॅसवर अंघोळीचं पाणी तापलंय, ते आणून बादलीत ओतते.

उत्तरेश्वर : आणि मग?

शर्मिला : मग मी दीपमालाबरोबर चहा घेत बाहेर बसते. दार नुसतं लोटून घ्या, कडी लावू नका.